कमाई वेगळी, किंमत वेगळी

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. समाजात माणसाला जो मान असतो ती त्याची पत, आणि दुकानदार त्याला किती उधार देईल तीही त्याची पतच. पतसंस्थेतली पत ही दुसरी. ‘लायकी’ म्हणजे खरं तर अंगातली पात्रता. पण भांडणात कुणी ‘तुझी लायकी काय?’ असं विचारलं की रोख गुणांवर नसतो, खिशावर असतो. ‘मोठ्या घरची सोयरीक आली’ म्हटलं की त्या घरातल्या माणसांची मनं मोठी आहेत असं कुणी समजत नाही. ‘त्याचं चांगलं झालं’ म्हणजे त्याला चांगली नोकरी लागली. तो माणूस म्हणून चांगला झाला का, हा प्रश्न त्यात येतच नाही.

म्हणजे पैशाने माणूस मोजण्याची सवय जुनी आहे. पण पूर्वी एक गोष्ट बरी होती. कुणाकडे पैसा नसला तर लोक ‘तकदीर’ म्हणायचे, ‘वेळ वाईट आहे’ म्हणायचे. त्याला कमी लेखत असतील, पण त्याच्या गरिबीचा गुन्हेगार त्यालाच ठरवत नसत. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून, सभागृहांतल्या शिबिरांतून आणि पुस्तकांतून एक नवी भाषा आपल्या घरांत आली आहे. तिचं म्हणणं असं, की पैसा हा मनाच्या घडणीचा परिणाम आहे. विचार श्रीमंत ठेवा, पैसा येईल. ऐकायला हे उमेद देणारं आहे. पण हेच वाक्य उलटं वाचून पाहा. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्या मनातच काहीतरी खोट आहे, असा त्याचा अर्थ होतो.

आम्ही नवरा-बायको हा लेख मिळून लिहीत आहोत. आमच्यातला एक जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, दुसरी घरी शिवणकाम करते. आम्ही चिपळूणला राहतो. ही उलटी बाजू आमच्या घरातल्या एका माणसाने कशी सोसली, ते आम्ही जवळून पाहिलं. त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिम वस्त्यांत आखाताची कमाई ही नवलाईची गोष्ट नाही. कित्येक घरांची कौलं जाऊन स्लॅब पडले ते त्याच पैशावर. आमचा धाकटा भाऊही अकरा वर्षं तिकडे होता. एसी आणि फ्रीज दुरुस्तीचं काम. बहिणीचं लग्न, अब्बांचं ऑपरेशन, घराचा वरचा मजला, सगळ्यात त्याचा हात होता. दर दोन वर्षांनी तो यायचा तेव्हा दारात चपलांचा ढीग पडायचा. 2020 साली कोरोनाच्या काळात त्याच्या कंपनीने माणसं कमी केली आणि तो कायमचा परत आला. तेव्हा त्याचं वय एकोणचाळीस. सोबत बायको, शाळेत जाणारी मुलगी, आणि दीडएक वर्ष पुरेल इतकी शिल्लक.

घरातून त्याला कुणी काही बोललं नाही. उलट आम्हांला वाटलं, इतकी वर्षं राबला, चार महिने निवांत राहील. पण निवांत बसणं त्याला जमेना. तो रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर व्याख्यानं ऐकू लागला. पहिलं ऑनलाइन शिबिर नव्याण्णव रुपयांचं होतं. त्यात सांगितलं की खरी विद्या पुढच्या शिबिरात आहे, ते बारा हजारांचं. त्यानंतर आलं पंचेचाळीस हजारांचं, हप्त्यांनी फेडायचं. शिवाय ओळखीचे लोक जोडून आणले तर त्यांच्या फीमधून वाटा मिळेल, असंही आमिष होतं. (इथे वाचकांसाठी एक माहिती: माणसं जोडण्याच्या साखळीवर पैसे मिळवून देणाऱ्या योजनांना आपल्याकडे 1978 च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीसाठी 2021 मध्ये केलेल्या नियमांतही अशा साखळीला मनाई आहे. माल किंवा सेवा विकण्यापेक्षा माणसं जोडण्यावर भर दिसला की सावध व्हावं.)

त्या शिबिरांत सगळंच वाईट शिकवत होते असं आम्ही म्हणणार नाही. पहाटे उठा, खर्च लिहून ठेवा, एक नवं कौशल्य शिका, लोकांशी नीट बोला, यात काय वाईट? पण या चांगल्या गोष्टींच्या आडून दोन गोष्टी हळूच आत शिरल्या.

पहिली गोष्ट ही, की तुमच्या भोवतीच्या पाच माणसांच्या कमाईची सरासरी काढा, तीच तुमची कमाई असेल. म्हणून माणसं निवडून ठेवा. धाकट्याने वहीत पाच नावं लिहिली. निवृत्त अब्बा, शिक्षक भाऊ, सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला बालमित्र, मशिदीचे मुअज्जिन साहेब आणि रिक्षा चालवणारा मामेभाऊ. हिशेब मांडल्यावर ही पाचही माणसं त्याला ओझ्यासारखी दिसू लागली. त्या बालमित्राच्या दुकानावर तो रोज असरनंतर बसायचा, ते बंद झालं. मित्र दोनदा घरी येऊन गेला, तेव्हा हा वरच्या खोलीतून खाली उतरला नाही.

दुसरी गोष्ट आणखी घातक होती. कोर्स करूनही पैसा आला नाही तर काय, याचं उत्तर तिथे आधीच तयार होतं: तुमच्या मनात पैशाविषयी अजून अडथळा आहे. म्हणजे यश आलं तर ते कोर्समुळे, आणि नाही आलं तर तुमच्यामुळे. दवा देणाऱ्याचं कधीच चुकायचं नाही आणि रोग्याची कधीच सुटका व्हायची नाही, असा तो मामला होता.

त्याचा परिणाम आम्हांला दिसत होता. मामेबहिणीच्या लग्नाला तो गेला नाही, कारण आहेराचं पाकीट पूर्वीसारखं जड नसतं. जुम्म्याला पहिल्या सफेत उभा राहणारा माणूस दाराजवळ चपलांच्या कडेला उभा राहू लागला. एका संध्याकाळी शिवणाच्या मशीनशेजारी बसून तो म्हणाला, “भाभी, मी मायनसमध्ये आहे.”

आम्ही त्या वाक्यावर नंतर पुष्कळ बोललो. ‘माझं खातं मायनसमध्ये आहे’ असं तो म्हणाला नव्हता. ‘मी’ मायनसमध्ये आहे, असं म्हणाला. बँकेच्या पासबुकातला आकडा उठून माणसाच्या कपाळावर कसा बसतो, ते त्या एका वाक्यात होतं.

यातून बाहेर पडायला त्याला मदत करायची तर तो काय वाचतो, काय ऐकतो, हे समजून घेणं भाग होतं. म्हणून त्याच्या कपाटातली पुस्तकं आम्ही वाचायला घेतली. शिक्षकी पेशामुळे थोडी मागची पानंही चाळली. तेव्हा एक मनोरंजक गोष्ट कळली. स्वतःची उन्नती स्वतः करा असं सांगणाऱ्या या पुस्तकांचं मूळ बऱ्याच अंशी सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाच्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकात आहे. ते 1859 मध्ये आलं. त्याचं शेवटचं प्रकरण चारित्र्यावर आहे, आणि त्यात स्माइल्स स्पष्ट म्हणतो की खऱ्या सभ्यपणाचा श्रीमंतीशी किंवा हुद्द्याशी संबंध असलाच पाहिजे असं नाही; गरीब माणूसही मनाने पूर्ण सभ्य असू शकतो. कष्ट, सचोटी, चिकाटी हे त्याचे विषय. म्हणजे या विद्येच्या पायात पैसा आणि माणसाची किंमत वेगवेगळी ठेवलेली होती.

पुढे अमेरिकेत वारं बदललं. 1910 मध्ये वॉलेस वॅटल्सने श्रीमंत होण्याचं शास्त्र म्हणून पुस्तक लिहिलं. 1937 मध्ये नेपोलियन हिलचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ आलं. तो महामंदीचा काळ होता. 1933 च्या सुमारास तिथे दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. अशा वेळी विचारांच्या जोरावर श्रीमंत होता येतं हे ऐकून कित्येकांना धीर आला असेल. पण कारखाने बंद पडले म्हणून जे घरी बसले होते, त्यांनी चुकीचा विचार केला म्हणून ते बेकार झाले होते का? 2006 मध्ये रॉन्डा बर्नचं ‘द सिक्रेट’ आलं. वॅटल्सचं तेच जुनं पुस्तक वाचून तिला त्याची प्रेरणा मिळाली होती. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट नव्या वेष्टनात आपल्या मोबाइलपर्यंत पोचली ती अशी.

‘रिच डॅड पुअर डॅड’ हे रॉबर्ट कियोसाकीचं 1997 चं पुस्तकही त्या कपाटात होतं. मालमत्ता कशाला म्हणावं आणि देणं कशाला, हे त्यात सोप्या रीतीने सांगितलं आहे. कर्ज काढून चैनीच्या वस्तू घेऊ नयेत ही गोष्ट तर आपल्या प्रत्येक घरात सांगायला हवी. पण त्यातला ‘गरीब बाप’ हा उच्चशिक्षित, शिक्षण खात्यात नोकरी करणारा गृहस्थ आहे. आमच्या घरात शिक्षकाची नोकरी आहे, त्यामुळे ते शीर्षक आम्हांला जरा बारकाईने वाचावं लागलं. ज्याने आयुष्यभर मुलं शिकवली त्याला ओळखायला ‘गरीब’ हे एकच विशेषण पुरतं का? पुस्तक पैशाविषयी असेल तर पुरत असेल. अडचण तेव्हा होते, जेव्हा वाचणारा ते आयुष्याविषयीचं पुस्तक समजतो.

या सगळ्याला आता धार्मिक अंगरखाही मिळाला आहे. अमुक वजिफा इतक्या वेळा पढा, रिज्क धावत येईल. पैसा येत नसेल तर तुमच्या ईमानात कमी आहे, अशा चित्रफिती धाकट्याला येत असत. दुआ करणं, रिज्कात बरकत मागणं, हे तर आपण करतोच आणि करावंच. पण पैसा हा ईमानाचा दाखला आहे, हे कुठून आलं? कुरआनात तर याच्या नेमकं उलट सांगितलं आहे. सूरह फज्रमध्ये (आयत 15 ते 20) माणसाच्या एका सवयीचं वर्णन आहे. अल्लाहने त्याला भरभरून देऊन पारखलं की तो म्हणतो, माझ्या पालनकर्त्याने मला सन्मान दिला. आणि मोजून-मापून दिलं की म्हणतो, मला अपमानित केलं. या दोन्ही समजुती कुरआन तिथल्या तिथे नाकारतो. भरपूर मिळणं हीसुद्धा परीक्षा आणि कमी मिळणं हीसुद्धा परीक्षाच. त्यात मानही नाही, अपमानही नाही. आणि लगेच पुढे विचारणा आहे ती ही, की तुम्ही अनाथाचा सन्मान करत नाही, गरिबाला जेवू घालायला एकमेकांना उद्युक्त करत नाही. अरबीत ‘मला सन्मान दिला’ आणि ‘अनाथाचा सन्मान’ या दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत. तुला काय मिळालं हा प्रश्न तिथे बाजूला पडतो. तू कुणाला मान दिलास, हा प्रश्न उभा राहतो.

धाकट्याला आयती ऐकवून दाखवण्याने काही झालं नसतं. नमाज, तिलावत त्याचं चालूच होतं. त्याला भिडली ती हजरत जाहिर (रजि.) यांची हकीगत. ती अब्बांनी एका रात्री जेवताना सांगितली. जाहिर हे वाळवंटात राहणारे, दिसायला सामान्य, गावाकडचा माल मदिनेच्या बाजारात आणून विकणारे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा त्यांच्यावर फार जीव. एकदा जाहिर बाजारात माल विकत असताना प्रेषितांनी (स.) मागून येऊन त्यांना मिठी मारली, आणि थट्टेने पुकारलं की हा गुलाम कोण विकत घेतो? जाहिर म्हणाले की मला विकायला काढलंत तर मी न खपणारा माल ठरेन. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितलं की अल्लाहच्या लेखी मात्र तुम्ही न खपणारे नाही, तुमचं मोल फार आहे. शमाइल तिरमिजीत ही हदीस आहे.

जाहिर यांनी स्वतःसाठी बाजाराचाच शब्द वापरला होता. चौदाशे वर्षांनंतर आमच्या वरच्या खोलीतल्या माणसानेही ‘मायनस’ हा बाजाराचाच शब्द स्वतःला लावला होता. अब्बांनी हकीगत सांगितली आणि ते वरण-भात जेवत राहिले. धाकटा बराच वेळ ताटावर तसाच बसून होता.

यावर कुणी म्हणेल, मग कमवायचंच नाही का? गरिबीतच मोठेपणा आहे का? तसं मुळीच नाही. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मक्केतलं सगळं सोडून मदिनेत आले, तेव्हा सअद बिन रबीअ (रजि.) या मदिनेच्या धनिकाशी त्यांचं बंधुत्व जोडण्यात आलं. सअदनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजार कुठे आहे तेवढं विचारलं. तूप आणि सुकवलेलं पनीर विकण्यापासून सुरुवात करून ते मोठे व्यापारी झाले. ही गोष्ट व्यवसायाच्या व्याख्यानांतही सांगतात, पण तिचा पहिला अर्धा भाग बहुधा राहून जातो. त्यांना सअदचा भाऊ ठरवण्यात आलं ते खिसा रिकामा असताना. बरोबरीचं नातं आधी जोडलं गेलं, कमाई नंतर झाली. ताठ मानेने बाजाराचा रस्ता विचारता आला, कारण बाजारात जाण्याआधीच कुणीतरी त्यांना भाऊ म्हटलं होतं. माणसाची किंमत कमाईपासून वेगळी ठेवली की तो आळशी होतो, ही भीती म्हणूनच आम्हांला खरी वाटत नाही. अंगात बळ येतं ते किंमत आधी मिळते तेव्हाच.

22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला. बाजारपेठ बुडाली, तळमजले पाण्याखाली गेले. आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या रात्री दुकानदार, डॉक्टर, हमाल, भाजीवाली, सगळे एकाच ताडपत्रीखाली होते, आणि ज्याच्याकडे बिस्किटं होती त्याने ती वाटली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखलाने भरलेले फ्रीज, वॉशिंग मशीन, पाण्याचे पंप बाहेर निघाले. लोक ते भंगारात द्यायला निघाले होते. शेजारच्या एका विधवा खालांचा फ्रीज हातगाडीवर चढत असताना धाकटा खाली उतरला आणि म्हणाला, “थांबा खाला, मी बघतो.”

फ्रीजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, त्यात सहसा पाणी जात नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने चिखल धुतला, तारा सुकवल्या, रिले आणि थर्मोस्टॅट बदलला, आणि वीज आल्यावर तो फ्रीज सुरू झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्याखाली पाच फ्रीज उभे होते. पुढचे पाच-सहा आठवडे तो सकाळी फज्रनंतर खाली बसायचा तो इशाला वर यायचा. सुट्या भागांचे पैसे घ्यायचा, मजुरी ज्याला जमेल त्याच्याकडून. हत्यारं कमी पडली तेव्हा सायकल दुकानवाल्या त्याच बालमित्राने आपली आणून दिली आणि तोही शेजारी बसू लागला.

त्या दिवसांत धाकट्याच्या खात्यात फारसं काही जमा झालं नाही. पण तो पुन्हा जेवताना बोलू लागला. मुलीच्या अभ्यासात डोकावू लागला. एका जुम्म्याला पुढच्या सफेत दिसला. म्हणजे आधी माणूस परत आला, पैसा पुष्कळ नंतर आला. शिबिरांत सांगतात त्याच्या अगदी उलट क्रम.

असं का झालं असेल, याचा विचार करताना ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाचा अभ्यास आठवतो. व्हिएन्नाजवळच्या या छोट्या गावाची कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. हाती वेळच वेळ असूनही लोकांचं वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं, आणि रस्त्यावरून पुरुष हळू चालत होते. काम जातं तेव्हा नुसता पगार जात नाही. दिवसाची घडी जाते, चार माणसांत मिसळणं जातं, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव जाते. धाकट्याला जिन्याखाली या तिन्ही गोष्टी परत मिळाल्या. पैशाची वाट पाहत तो बसला असता, तर त्या मिळायला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

अमेरिकेत बफेलो विद्यापीठातल्या लोरा पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये नेमक्या याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. ज्यांची स्वतःविषयीची किंमत आर्थिक यशावर टांगलेली असते, ते पैशाबाबत इतरांशी अधिक तुलना करतात, त्यांना ताण आणि चिंता अधिक असते, आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं त्यांना कमी वाटतं. पैशाला स्वतःचा मापदंड बनवणारा माणूस जास्त सुखी तर होत नाहीच, मोकळाही राहत नाही.

यानंतर आमच्या घरात काही गोष्टी ठरल्या. मोठ्या नाहीत, पण पाळायला लागलो की जाणवतात.

एक, पैशाविषयी उघडपणे बोलायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी नाश्त्यानंतर खर्चाची वही काढली जाते आणि मुलंही बसतात. शाळेची फी किती, किराणा किती, कुणाचं किती देणं आहे. झाकून ठेवलेल्या आकड्याची लाज वाटते. मांडलेला आकडा म्हणजे फक्त हिशेब असतो. ‘मी मायनसमध्ये’ असं न म्हणता ‘या महिन्यात वही मायनसमध्ये आहे’ असं म्हणायला सगळेच शिकत आहेत.

दोन, घरातल्या बिनपगारी कामाला नाव द्यायचं. अब्बांची औषधं वेळेवर देणं, मुलांना कुरआन शिकवणं, पापड-लोणची करणं, पाहुण्यांची उठाठेव. ‘ती काही करत नाही, घरीच असते’ हे वाक्य आमच्या घरात चालत नाही. ज्या कामाचा पगार नाही ते काम नाही, असं म्हणणारा माणूस उद्या स्वतःची नोकरी गेली की स्वतःलाही शून्यच म्हणणार.

तीन, सोयरिकीत. भाचीचं जमवताना मुलाची मिळकत विचारली, ती विचारावीच. बायकोचा खर्च उचलणं ही शरीअतने नवऱ्यावर टाकलेली जबाबदारी आहे. पण तो पहिला प्रश्न ठेवला नाही. त्याच्याबरोबर काम करणारी माणसं त्याच्याविषयी काय बोलतात, घरात आईशी आणि बहिणींशी कसा वागतो, उधार घेतलेलं वेळेवर देतो का, हे आधी विचारलं. मिळकत बदलते. उधार वेळेवर देण्याची सवय सहसा बदलत नाही.

चार, आहेर. लग्नाला जायचंच, पाकीट हलकं असलं तरी. खानदानात आम्ही एवढंच सांगितलं, की पाकिटावर रक्कम लिहून वहीत नोंद करायची पद्धत आमच्या घरच्या लग्नात असणार नाही. हे ऐकल्यावर दोन घरं अशी आली, जी चार वर्षं कुठल्याच लग्नात दिसली नव्हती.

आणि पाचवी गोष्ट जकातीच्या हिशेबाची. स्वतःच्या संपत्तीची बेरीज-वजाबाकी करून एक आकडा काढायला ती शिबिरं शिकवतात, आणि तो आकडा म्हणजे जणू तुम्ही. खरं तर आपल्यापैकी अनेक घरांत हा हिशेब दर रमजानमध्ये होतोच. सोनं किती, चांदी किती, रोकड किती, दुकानातला माल किती, त्यातून देणं वजा. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब. तेवढी मालमत्ता वर्षभर असली की अडीच टक्के जकात. पण त्या आकड्याचा उपयोग काय, ते पाहा. तो तुम्ही किती मोठे हे सांगत नाही. तुम्ही इतरांचं किती देणं लागता, एवढंच सांगतो.

धाकट्याच्या कोर्सचं त्रेपन्न हजारांचं कर्ज तोवर बाकी होतं. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात अडकलेला माणूसही आहे. शिबिराच्या भाषेत कर्जबाजारी म्हणजे हरलेला. कुरआनच्या यादीत तो हकदार आहे. भावाला जकात देता येते, असं बहुतेक उलमा सांगतात, आणि त्यात नातं जपण्याचाही सवाब आहे. जकातीचा काही भाग आम्ही त्याला दिला, तेव्हा त्याने मान खाली न घालता घेतला. बाकीचं त्याने दुरुस्तीच्या कामातून फेडलं. आज त्याचं जिन्याखालचं काम एका छोट्या गाळ्यात गेलं आहे. आखातात मिळत होतं त्याच्या निम्मंही मिळत नाही. गेल्या रमजानमध्ये त्याने हिशेब मांडला, निसाब पुरा झाला होता. जकात निघाली ती थोडीच होती. ती कुणाला द्यायची, हे विचारायला तो वही घेऊन आमच्याकडे आला होता.